वहिनी, बर्फ आणि माझं बाजूला बसणं

वहिनी,

काल तुझी शोकसभा झाली. तू असतीस तर माझ्या शेजारी बसून कानात काहीतरी कुजबुजली असतीस आणि मला हसू आवरलं नसतं. एका वक्त्यानं तुला 'कोल्हापूरची कन्या' करून टाकलं. "सांगलीची, सांगलीची!" असं दादा खालून ओरडला. तुझ्या नवऱ्याला फुटबॉलच्या मैदानाची सवय, सभेत गप्प बसणं त्याला या वयात कुठून जमणार? तुझ्या शोधनिबंधांची यादी वाचून दाखवली, भूषवलेली पदं वाचून दाखवली. 'संप्रेरकांच्या ग्राहींवर मूलभूत काम' हे शब्द प्रत्येकानं उच्चारले आणि त्यांचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक होता. मला ठाऊक होता. ते काम जिच्यापासून सुरू झालं ती तुझी नणंद तिसऱ्या रांगेत पदर तोंडाला लावून बसली होती.

तिथं कुणी बोललं नाही ते आता मी बोलते. तुला सगळं माहीतच आहे. पण रोज संध्याकाळी तुझ्याशी तासभर भांडायची मला सवय, आणि ती सवय काही तुझ्याबरोबर गेली नाही.

तू शिवाजी पेठेत आमच्या घरी आलीस ते त्रेसष्ट किंवा चौसष्ट साल असेल. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली सून ही गल्लीला नवलाची गोष्ट होती. आईनं शेजारणींना सांगून टाकलं, "बेडकं कापती म्हणं, पर चपात्या बऱ्या करती." तू मला 'वन्सं' म्हणायचीस आणि मी तुला 'तुम्ही'. तुझ्या सांगलीकडच्या शुद्ध बोलण्याची मी आरशासमोर नक्कल करत असे. तू एकदा मागून येऊन ती ऐकलीस आणि माझा एक उच्चार सुधारून निघून गेलीस.

आपल्या घरात बाजूला बसायची पद्धत कडक होती. मागच्या सोप्यात घोंगडी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. कोण कधी बाजूला बसली हे नळावरच्या बायकांना पाण्याच्या आधी कळायचं. आणि मला सतरावं संपलं तरी पाळी आली नव्हती. गल्लीत बोभाटा झाला तर पोरीचं लग्न व्हायचं नाही, म्हणून आईनं एक युक्ती काढली होती. दर महिन्याला ती मला खोटंच बाजूला बसवायची. मी घोंगडीवर बसून भरतकाम करायची आणि आई नळावर मोठ्यानं म्हणायची, "आमच्या मालनला कावळा शिवलाय बया, सगळं मलाच बघायला लागतंय."

पण संकष्टीच्या मोदकांना आईला माझा हात लागे. माझ्या मोदकाच्या कळ्या तिच्यापेक्षा चांगल्या पडत. त्यामुळं संकष्टी उरकली की दुसऱ्या दिवशी मी बाजूला, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. सगळ्या पेठेला तिनं फसवलं, आणि तू तीन-चार महिन्यांत ओळखलंस.

गच्चीवर पापड वाळत घालताना तू सरळ विचारलंस, "वन्सं, तुम्हाला पाळी येतच नाही ना?"

माझ्या हातातला पापड तुटला. मी म्हणाले, "येती की! परवाच तर बसले हुते."

"संकष्टी मंगळवारी आली तर तुम्ही बुधवारी बसता. शुक्रवारी आली तर शनिवारी. पाळीला पंचांग कळत नाही हो." मग माझ्याकडं बघून तू म्हणालीस, "घाबरू नका. मी सासूबाईंना सांगणार नाही."

"तिनंच तर बसवलंय," मी म्हणाले, आणि आपण दोघी हसत सुटलो. हसता हसता मी रडायला लागले. तू मला जवळ घेतलंस तेव्हा तुझ्या हाताला हिंग आणि पापडखार लागलेला होता. मी तुला 'तू' म्हणायला लागले ती तिथून.

हसण्यासारखं त्यात फार नव्हतं. करवीर तालुक्यातल्या एका बागायतदाराच्या घरचं स्थळ आलं होतं. मुलगी उंच, अंगावर मुरमाचा डाग नाही, रंग नितळ, म्हणून ते लोक भाळले होते. सुपारी फोडायचीच काय ती बाकी होती. आईला वाटत होतं, लग्न झालं की आपोआप सगळं मार्गी लागतं. आपल्या घरातल्या एका बाईचं ते मार्गी लागलं नव्हतं, तिचं नाव मात्र कुणी घेत नसे. कोडोलीची थोरली मावशी. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी तिला नवऱ्यानं परत पाठवली होती आणि भावाच्या घरी ती शेणामातीत आयुष्य काढत होती.

तू एका दुपारी काडीनं माझ्या गालाच्या आतून जरासं खरवडून घेतलंस, काचेवर पसरलंस आणि कॉलेजात घेऊन गेलीस. मग मला एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलंस. परत येताना रंकाळ्यावर बसवून मला सांगितलंस, की मला गर्भाशय नाही, पाळी कधी येणार नाही, मूल होणार नाही. हे सांगताना तू माझा हात सोडला नाहीस आणि एकही गोड शब्द वापरला नाहीस. मला तुझा भयंकर राग आला. आजही ती जागा आली की मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जाते.

घरी आईचा आणि तुझा जो खटका उडाला तो आख्ख्या गल्लीनं ऐकला असेल. "त्यांना सांगून लग्न करा, नाहीतर करू नका," तू म्हणालीस.

"तू आमचं घर बसवायला आलीयास का उठवायला?" आई ओरडली. "सांगून कोण करील गं लगीन? पोरीला जन्मभर घरात ठेवू व्हय?"

दादा मध्ये पडला नाही. तो चपला घालून तालमीकडं निघून गेला. याबद्दल तू त्याला पुढं वीस वर्षं टोमणे मारलेस आणि ते योग्यच होते.

तू आईशी पुन्हा वाद घातला नाहीस. मला घेऊन एसटीनं कोडोलीला गेलीस. मावशी गोठ्यात होती. तुझं शहरी पातळ बघून तिनं आधी पाट आणला. तू तिला अशा गोष्टी विचारल्यास की मला जमीन दुभंगावी असं वाटलं. मावशी मात्र चटाचटा उत्तरं देत गेली. तिला कुणी आजवर विचारलंच नव्हतं. शेवटी ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे ही बी माझ्यासारखीच?"

"हो," तू म्हणालीस.

"आन् हिची आई हिचं लगीन लावालीया?" मावशीनं हात धुतले, धाकट्या भावजयीला धार काढायला सांगितली आणि आपल्याबरोबर त्याच एसटीनं कोल्हापुरात आली. किती वर्षांनी तिनं बहिणीचा उंबरा ओलांडला असेल! आई चुलीपुढं होती. मावशी उभ्या उभ्याच बोलली, "मला कुणी सांगितलं असतं तर मी त्या घरात पाय ठेवला नसता. रोज मार खाल्ला. कशाचा, ते मलाबी ठावं नव्हतं. तू ह्या पोरीला ठावं असून धाडतीस व्हय गं?"

आईनं पदरात तोंड लपवलं. लग्न मोडलं. मी डी.एड. केलं, मास्तरीण झाले, आणि मला वाटतं कोल्हापुरातल्या निम्म्या पोरांना मी तीसपर्यंतचे पाढे शिकवले असतील. आई नंतर म्हणायची, "माझी पोर वाचवली तिनं." पण हे ती तुझ्या पाठीमागं म्हणायची. तोंडावर म्हणायची, "भाजीत मीठ कमी हाय."

त्या काडीनं तुला मात्र पछाडलं. मावशी आणि मी सारख्या कशा, हे तुला कळून घ्यायचं होतं. तू पीएच.डी.ला बसलीस. उंदीर आले. घरात नव्हे, देवाची कृपा, विद्यापीठात. तरी गल्लीत तू 'उंदीरवाली बाई' झालीस आणि पोरं मेलेला उंदीर सापडला की आपल्या दारात आणून टाकू लागली.

पुढं तू मला समजावलंस ते मला अजून तुझ्याच शब्दांत आठवतं. "संप्रेरक म्हणजे हार्मोन, शरीराची दवंडी. रक्तातून सगळ्या गावभर फिरते. पण ती ऐकायला घरात कुणीतरी असायला हवं की नाही? पेशीतलं ते ऐकणारं माणूस म्हणजे ग्राही." आणि हे ऐकणारं माणूस फार नाजूक. उंदराच्या अवयवाचा तुकडा काढला की तो लगेच बर्फात जायला हवा, त्याचा लगदा बर्फात, चाळण बर्फात, यंत्रात गरगर फिरवणं तेही गारठ्यात. जरा ऊब लागली की ग्राही नासला आणि दिवस वाया.

आणि बर्फ कुठून आणायचा? शाहूपुरीतल्या कारखान्यातून. दादाच्या खऱ्या संसाराला तिथून सुरुवात झाली. रोज सकाळी तो स्कूटरवर पायाजवळ गोणपाटात गुंडाळलेली लादी घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत भिजवत, टेकडीवर विद्यापीठात जायचा आणि मग आपलं सुट्या भागांचं दुकान उघडायचा. कारखान्यातले त्याला विचारायचे, "काय पावणं, रोज कुणाचं लगीन?" तो म्हणायचा, "उंदराचं!" एकदा तालमीच्या फुटबॉल संघाचा सामना होता आणि त्यानं वाटेत लादी घेऊन मैदानावर थांबायचं धाडस केलं. गोल झाला, लादी विरघळली, तुझा महिन्याभराचा प्रयोग गेला. तू त्याच्याशी भांडली नाहीस. फक्त संघ हरला असं त्याला खोटं सांगितलंस, लादी वाचवायला तो सामना अर्धा टाकून आला होता म्हणून ते खपलं, आणि संध्याकाळपर्यंत त्याला तसंच ठेवलंस.

वीज जायची, यंत्र बंद पडायचं, मुंबईहून यायचं ते किरणोत्सर्गी संप्रेरक वेळेवर यायचं नाही. 'ते ग्राहीला चिकटलं का नाही चिकटलं, एवढंच बघायचं असतं गं,' असं तू म्हणायचीस, जणू काही पोस्टाचं तिकीट आहे. पण ते बघायला तुझी सगळी तरणी वर्षं गेली. चांगला निकाल आला की तू घरात शिरताना शीळ घालायचीस आणि आई म्हणायची, "बाईमाणसानं शीळ घालू ने." मग तीच मला विचारायची, "आज चिकटलं वाटतं?"

आता आपल्या भांडणाकडं येते. ते मिटलेलं नाही आणि तू त्यातून अशी सुटू शकत नाहीस.

माझी तिशी जवळ आली तेव्हा तू मला पुण्याला ऑपरेशनसाठी न्यायचं ठरवलंस. पोटातल्या दोन गाठी काढायला हव्यात, पुढं त्यांचा धोका असतो, म्हणालीस. कसल्या गाठी, मी विचारलं. तेव्हा तू सांगितलंस, की त्या पुरुषाच्या असतात तशा आहेत. माझी गुणसूत्रंही पुरुषाची असतात तशी आहेत. माझं शरीर जन्मापासून पुरुषी संप्रेरकाची दवंडी पिटतंय, पण एकाही पेशीत ती ऐकणारं कुणी नाही. "म्हणून तू बाईच झालीस, मालन. पहिल्यापासून शेवटपर्यंत बाई."

मी एवढंच विचारलं, "हे तुला कधीपासून ठाऊक हाय?"

तू खोटं बोलली नाहीस. "त्या काडीपासून."

माझ्याबद्दलची गोष्ट तुला ठाऊक होती आणि मला नाही, अशी ती सगळी वर्षं. मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तू जेवायला वाढायचीस, मी ताटाकडं बघून जेवायची. तुझं म्हणणं होतं, की अठरा वर्षांच्या पोरीला, शिवाजी पेठेत, त्या काळात, हे सांगितलं असतं तर ती विहिरीकडं गेली असती. माझं म्हणणं होतं, आणि अजून आहे, की ते ठरवणारी तू कोण? दोघींनाही आपापलं बरोबर वाटत होतं. मला वाटतं दोघींचंही बरोबर होतं, आणि त्यामुळंच ते मिटलं नाही. ऑपरेशनच्या आधी मला आत नेताना तू धावत आलीस आणि माझ्या हातात तुझं मंगळसूत्र ठेवलंस. "मला परत द्यायला तरी बाहेर ये," म्हणालीस. मी बाहेर आले आणि बोलायला लागले.

मग तू माझ्या दंडाच्या आतल्या कातडीचा डाळीएवढा तुकडा मागितलास. विचारून, सगळं समजावून. मावशीनंही दिला. "घे, अजून घे," म्हणाली ती. तू मुंबईला काही महिने राहून त्या पेशी वाढवायला शिकलीस. एका संध्याकाळी शीळ घालत घरात शिरलीस आणि मला मिठी मारलीस. माझ्या पेशींना ते संप्रेरक जराही चिकटत नव्हतं. मावशीच्याही नाही. इतक्या वर्षांचा तुझा कयास खरा निघाला होता.

"माझ्यात काहीतरी न्हाय, ह्याचा तुला एवढा आनंद?" मी म्हणाले.

तुझा चेहरा पडला. मलाही लगेच वाईट वाटलं, पण शब्द गेला तो गेला. महिनाभरानं तू मला विचारलंस, "हे छापू का? आपलं कुटुंब, मावशी, तू. नावं नाहीत, फक्त खुणा." मी नाही म्हणाले. कोल्हापुरात कोडोलीची मावशी आणि पेठेतली मास्तरीण ओळखायला नाव कशाला लागतं? माझ्या वर्गातल्या पोरांच्या आया मला काय म्हणाल्या असत्या? तू एकदाच विचारलंस. पुन्हा कधी नाही. काही वर्षांनी परदेशातल्या एका अंकात तसंच एक कुटुंब छापून आलं. तू तो अंक मला दाखवलास, मिटलास आणि म्हणालीस, "चहा टाक गं जरा, आलं घालून." ज्या निबंधानं तुझं नाव झालं असतं तो तू माझ्यासाठी लिहिला नाहीस, आणि हे काल व्यासपीठावर कुणालाच माहीत नव्हतं. तू याचा कधी हिशेब मांडला नाहीस. मांडला असतास तर मला भांडता तरी आलं असतं.

गेल्या वर्षी तुझ्या छातीत गाठ निघाली. तिचा तुकडा तपासायला गेला तेव्हा सगळ्यांपेक्षा तूच उत्सुक होतीस. त्या गाठीत ग्राही असले तर औषधाचा उपयोग, नाहीतर नाही. निकाल आला. तू कागद माझ्यापुढं धरलास आणि त्या अवस्थेत हसलीस. "नाहीत गं. एकही नाही. आता आपण दोघी सख्ख्या बहिणी." मी उठून स्वयंपाकघरात गेले. तुझ्यासमोर रडायचं नाही असं दादानं मला बजावलं होतं, आणि तो स्वतः मोरीत नळ सोडून रडत होता.

आज सकाळी, वहिनी, दारात शालन आली. माझी मावसबहीण, आईच्या धाकट्या बहिणीची लेक. सोबत तिची पोरगी, सोळा-सतराची, माझ्यापेक्षा चार बोटं उंच, चेहरा लखलखीत. तिला बघितल्याबरोबर मी ओळखलं. शालननं तू गेल्याचं ऐकलं नव्हतं. "डॉक्टरीण वैनींना दाखवायला आणलीया," म्हणाली, आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं बघून मटकन खाली बसली. "आता कुणाला इचारायचं गं मालनक्का? दोन स्थळं आल्याती हिला, आन् अजून पाळी न्हाय."

मला क्षणभर वाटलं, त्यांना चहा पाजावा आणि पुण्याच्या डॉक्टरांचा पत्ता द्यावा. अर्धं सांगावं, बाकीचं पुढं कधीतरी. तुझी आठवण झाली, आणि वहिनी, त्या क्षणी मला तू अर्धं का सांगितलंस ते कळलं. पोरगी पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत होती. तिच्याकडं बघून सगळं सांगायला छातीच लागते. मी दार लावून घेतलं, तिला शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं. आधी माझंच सांगितलं. दवंडी सांगितली, गुणसूत्रं सांगितली, गाठी सांगितल्या, ऑपरेशनचा वण दाखवला. मला तुझ्याइतकं नीट जमलं नाही. दोन ठिकाणी अडखळले.

पोरीनं माझा वण नीट बघून घेतला. मग म्हणाली, "मावशी, उंच हाय म्हणून मला कबड्डीच्या टीमात घेतलंय. त्यातनं काढतील व्हय?"

"का काढतील? तू पोरगीच हाईस की," मी म्हणाले. ती तेव्हा कुठं रडली, आणि मीही.

निघताना शालननं माझा हात धरला. "मालनक्का, आपल्या नात्यात अजून पोरी हाईत. पर हे कुणाला सांगायचं न्हाय, न्हवं?"

जन्मभर मी या प्रश्नाला 'न्हाय' म्हणत आले होते. तुलाही म्हणाले होते. आज म्हणाले, "सांग. माझं नाव घेऊन सांग."

त्या गेल्यावर मी हे लिहायला बसले. दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "छापायला दे." मी देतेय. तुझ्या पेशींचं, मोजमापांचं मला लिहिता येत नाही. ते तुझे विद्यार्थी लिहोत, आता माझी हरकत नाही. मला येतं तेवढं मी लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घातलं.

मालन बाबूराव चव्हाण
शिवाजी पेठ, कोल्हापूर